हातातला पैसा आणि कमावलेला पैसा: नव्या कंत्राटदाराची पहिली हिशेबवही

२०१८च्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली आणि नाशिकमध्ये स्वतःच्या नावावर वायरिंगची कामं घ्यायला लागलो. त्याआधी अकरा वर्षं दुसऱ्या कंत्राटदाराकडे वायरमन होतो. काम पक्कं येत होतं, माणसं ओळखीची होती. पहिले चार महिने बँकेत कायम पैसे दिसायचे, त्यामुळे धंदा छान चाललाय असंच वाटायचं. पाचव्या महिन्यात मालाच्या दुकानदाराने सत्तर हजारांची उधारी मागितली, तेव्हा खात्यात नऊ हजार होते. तीन साइट चालू होत्या आणि तिन्हींचे ॲडव्हान्स संपलेले. मेव्हण्याकडून उसने घेऊन वेळ मारून नेली, आणि मग आठ दिवस रात्री बसून सगळ्या चिठ्ठ्या जुळवल्या. तेव्हा कळलं की पहिल्या साइटच्या वायरचे पैसे तिसऱ्या साइटच्या ॲडव्हान्समधून गेले होते, आणि पहिल्या साइटवर मी मुळात तोट्यात होतो. काम उरकून तीन महिने झाले तरी मला ते माहीत नव्हतं.

हा लेख त्या आठ रात्रींतून आलेला आहे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगकाम, पीओपी, फॅब्रिकेशन, फर्निचर, वॉटरप्रूफिंग यांपैकी कुठल्याही कामात नुकताच स्वतःचा धंदा सुरू केलेल्या माणसासाठी तो आहे. कॉमर्स शिकलेलं असण्याची गरज नाही. बेरीज-वजाबाकी आणि रोज दहा मिनिटं पुरतात.

आधी पैसे वेगळे करा

वही आणायच्या आधी बँकेत जा. धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. चालू खातं असेल तर उत्तम, पण अगदी सुरुवातीला किमान घरच्या खात्यापासून वेगळं असं एखादं खातं तरी हवंच. गिऱ्हाइकांना पैसे पाठवायला देता तो क्यूआर कोड याच खात्याचा असू द्या. मालाचे पैसे याच खात्यातून द्या. घरचा किराणा, मुलांची फी, लाइटबिल यातून थेट भरू नका. महिन्यातून एकदा किंवा दोनदा ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवा आणि तिथून खर्च करा.

धंद्यातून घरासाठी काढलेल्या या पैशाला पुस्तकी भाषेत ‘उचल’ म्हणतात. पण आपल्याकडे मजुराला दिलेल्या आगाऊ पैशालाही उचलच म्हणतात, म्हणून मी माझ्या वहीत ‘घरखर्च’ असं वेगळं नाव ठेवलंय. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की घरखर्च हा धंद्याचा खर्च नाही. तुम्ही धंद्यात घातलेलं भांडवल थोडं परत घेतलं, इतकाच त्याचा अर्थ.

रोख पैशासाठी वेगळा बटवा किंवा डबा ठेवा. खिशातल्या पाकिटात घरचे आणि साइटचे पैसे एकत्र आले की संध्याकाळी हिशेब लागत नाही, आणि दोन-चार दिवस लागला नाही की माणूस लिहिणंच सोडतो. वह्या बंद पडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच.

रोजमेळ

पहिली वही रोजमेळाची. जुने लोक तिला कीर्द म्हणायचे. पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आजही जपून ठेवलेल्या आहेत. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, शिल्लक, हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

रेघा मारायच्या त्या अशा: तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशासाठी, कुठली साइट, जमा, खर्च, शिल्लक. रोख आणि बँक यांची पानं वेगळी ठेवा. रोज रात्री जेवणाआधी लिहा, जेवणानंतर डोळे मिटतात. लिहून झालं की डब्यातले पैसे मोजा. वहीतली शिल्लक आणि डब्यातली शिल्लक जुळली पाहिजे. वीस रुपये कमी आले तर ‘फरक’ म्हणून वीस रुपये लिहून पुढे जा, पण पाचशेचा फरक असेल तर आजच आठवा. उद्या आठवत नाही.

‘कुठली साइट’ हा रकाना बाजारात मिळणाऱ्या छापील वह्यांत नसतो. तो हाताने आखा. कंत्राटदाराच्या हिशेबात सगळ्यात महत्त्वाचा रकाना तोच आहे. का, ते पुढे येईल.

पावत्यांचं काय करायचं? दुकानाचं बिल, टेम्पोची चिठ्ठी, पेट्रोल पंपाची पावती, हातात पडताच फोनवर फोटो काढा. उष्णतेवर छापणाऱ्या यंत्राच्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात. फोटो काढून झाल्यावर कागद त्या महिन्याच्या लिफाफ्यात टाका. जिथे पावती मिळतच नाही, जसं की हमाली, चहापाणी, भंगारवाल्याकडून घेतलेला पाइप, तिथे स्वतःचं व्हाउचर करा: तारीख, रक्कम, कारण, घेणाऱ्याची सही.

ॲडव्हान्स म्हणजे उत्पन्न नव्हे

गिऱ्हाइकाने कामाआधी ऐंशी हजार दिले. रोजमेळात ते जमा होतील, बँकेतही दिसतील. पण अजून तुम्ही एक खिळाही ठोकलेला नाही. म्हणजे हे ऐंशी हजार तुम्ही त्या माणसाचं देणं लागता. उद्या काम रद्द झालं तर ते परत करावे लागतील. म्हणून ते ‘कामाचं उत्पन्न’ या खात्यात न घालता त्या गिऱ्हाइकाच्या नावाच्या खात्यात जमा करायचे. काम होऊन बिल दिलं की मग त्या बिलातून ते वळते करायचे.

हे वाचायला सोपं वाटतं. पण बँकेत तीन गिऱ्हाइकांचे मिळून दोन लाख दिसत असताना ‘हे माझे नाहीत’ असं स्वतःला सांगणं अवघड जातं. मी एक सवय लावून घेतली: दर सोमवारी बँकेतल्या शिलकेखाली एक ओळ लिहितो, ‘यातले लोकांचे किती’. न झालेल्या कामाचे ॲडव्हान्स, दुकानदाराची उधारी, माणसांची राहिलेली मजुरी आणि भरायचा कर, हे सगळं वजा करून जे उरतं ते माझं. काही सोमवारी तो आकडा उणे येतो. अशा आठवड्यात मी नवी मशिन घेत नाही.

खतावणी, आणि जमा-नावे

रोजमेळ दिवसाप्रमाणे चालतो, खतावणी माणसाप्रमाणे आणि खात्याप्रमाणे. एका जाड वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक मजुराला एकेक पान द्या. शिवाय माल, मजुरी, वाहतूक, हत्यारं, घरखर्च, भांडवल यांची पानं. रोजमेळातली प्रत्येक नोंद त्या त्या पानावर उतरवायची. याला खतावणे म्हणतात.

इथे ‘जमा’ आणि ‘नावे’ या दोन शब्दांनी नवा माणूस गोंधळतो, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एक जण किंवा एक खातं देतं, दुसरं घेतं. देणाऱ्याला जमा, घेणाऱ्याला नावे. गिऱ्हाइकाने पैसे दिले, त्याच्या खात्याला जमा. बँकेत आले, बँकेला नावे. दुकानदाराने उधारीवर वायर दिली, दुकानदाराला जमा. माल खात्याला नावे. खर्च आणि तोटा नेहमी नावे पडतो, उत्पन्न आणि नफा जमा होतो. वस्तू आली की नावे, गेली की जमा.

मग पासबुकात आपण भरलेले पैसे ‘जमा’ का दिसतात? कारण पासबुक ही बँकेची वही आहे. बँकेच्या नजरेतून देणारे तुम्ही, म्हणून तुम्हाला जमा. तुमच्या वहीत तीच रक्कम बँकेला नावे. तसंच जुन्या पद्धतीच्या रोजमेळात आलेली रोकड जमेच्या बाजूला लिहितात, कारण तिथे देणाऱ्याचं नाव मांडलेलं असतं. एवढं एकदा ध्यानात आलं की अकाउंटंटची भाषा परकी वाटत नाही.

मजुरीची उचल

कंत्राटदाराचा सगळ्यात जास्त हिशेब इथे बिघडतो. समजा एका वायरमनचा रोज ८०० रुपये आहे. सोमवार ते शनिवार सहा दिवस भरले, मजुरी झाली ४,८००. मधे बुधवारी घरी अडचण आली म्हणून त्याने १,५०० उचल घेतली. शनिवारी तुम्ही ३,३०० हातात दिले.

बरेच जण बुधवारी ‘मजुरी १,५००’ लिहितात आणि शनिवारी ‘मजुरी ४,८००’. झाला खर्च १,५०० ने जास्त. काही जण उलटं करतात, उचल कुठेच लिहीत नाहीत आणि शनिवारी पूर्ण पैसे देऊन बसतात. बरोबर पद्धत अशी: बुधवारी १,५०० त्या माणसाच्या खात्यात नावे. शनिवारी हजेरी पाहून मजुरी खात्याला ४,८०० नावे आणि त्याच्या खात्याला ४,८०० जमा. मग दिलेले ३,३०० त्याला नावे. त्याचं खातं शून्यावर आलं, आणि मजुरीचा खर्च खरा तेवढाच, ४,८०० दिसला.

हजेरीची वेगळी छोटी वही ठेवा आणि तिच्यात दिवसागणिक साइटचं नाव लिहा. अर्धा दिवस एका साइटवर, अर्धा दुसरीकडे, असं सतत होतं. चुकारा करताना त्या माणसासमोर पान उघडा, त्याला आकडे वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. यात अविश्वास नाही; उलट ज्याच्या घामाचे पैसे आहेत त्याला त्याचा हिशेब दिसणं हा त्याचा हक्क आहे. माझ्याकडची दोन माणसं आज सात वर्षं टिकून आहेत. त्यात या पानाचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

साइटचं पान: एक पूर्ण उदाहरण

आता त्या ‘कुठली साइट’ रकान्याकडे येऊ. प्रत्येक कामाला एक स्वतंत्र पान द्या आणि रोजमेळातला त्या कामाचा प्रत्येक खर्च तिथे आणा. समजण्यासाठी आकडे धरून दाखवतो. एका रो-हाउसचं वायरिंग, मालासकट २,४०,००० रुपयांना ठरलं आणि एप्रिल महिन्यात पूर्ण झालं.

माल ९६,०००. मजुरी ७२,०००. टेम्पो ६,०००. ड्रिल बिट, ग्राइंडरचं पातं, टेप, स्क्रू असा किरकोळ खर्च ४,०००. एकूण १,७८,०००. म्हणजे साइटवर ६२,००० सुटले, जवळजवळ सव्वीस टक्के. इथे थांबलात तर आनंदच आहे.

पण त्याच महिन्यात गोडाऊनचं भाडं, फोन, गाडीचं पेट्रोल, विमा असा कुठल्याच एका साइटचा नसलेला २२,००० खर्च झाला. उरले ४०,०००. आणि तुम्ही स्वतः सव्वीस दिवस तिथे हातात टेस्टर घेऊन उभे होतात. तुमच्या जागी चांगला वायरमन हजार रुपये रोजाने ठेवला असता तर २६,००० गेले असते. ते बाजूला काढले तर धंदा म्हणून धंद्याने कमावले १४,०००, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. स्वतःची मजुरी हा कायद्याने खर्च धरला जात नाही, वहीतही तो खर्च म्हणून लिहू नका. पण दर ठरवताना हे गणित पानाच्या तळाशी लिहाच. पुढचं कोटेशन देताना कमी करायला किती जागा आहे हे फक्त याच ओळीवरून कळतं.

आता बँकेकडे पाहू. महिनाअखेरीस गिऱ्हाइकाने दोन हप्त्यांत १,६०,००० दिलेत, ८०,००० यायचेत. दुकानदाराला ९६,०००पैकी ६०,००० दिलेत, ३६,००० उधारी आहे. बाकी सगळं रोखीने आणि ऑनलाइन दिलं. म्हणजे आले १,६०,००० आणि गेले १,६४,०००. नफा ४०,००० झाला आणि खिशातून ४,००० गेले! मी २०१८ साली ज्या कोड्यात अडकलो होतो ते हेच. उत्तर खतावणीत आहे: गिऱ्हाइकाकडून येणं ८०,०००, दुकानदाराचं देणं ३६,०००, फरक ४४,०००, त्यातून खिशातले ४,००० वजा केले की ४०,०००. नफा आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या घरात अडकलेला आहे.

हेच ताळेबंदाच्या रूपात मांडू. महिन्याच्या सुरुवातीला तुमच्याकडे बँकेत ५०,००० आणि ३०,०००ची हत्यारं होती, म्हणजे भांडवल ८०,०००. महिन्यात घरखर्चाला २६,००० काढले. शेवटी बँकेत उरले २०,०००, येणं ८०,०००, हत्यारं ३०,०००. एकूण मालमत्ता १,३०,०००. दुसऱ्या बाजूला दुकानदाराचं देणं ३६,०००, आणि भांडवल ८०,००० अधिक नफा ४०,००० उणे घरखर्च २६,००० म्हणजे ९४,०००. बेरीज १,३०,०००. दोन्ही बाजू जुळल्या. हे एक उदाहरण स्वतःच्या हाताने दोनदा कागदावर करा. ताळेबंद म्हणजे याहून वेगळं काही नसतं. (हत्यारांचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी कमी होणारी किंमत, इथे मी सोडलाय. आयकरात यंत्र-हत्यारांवर तो साधारणपणे वर्षाला १५ टक्के धरतात, खरेदीच्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्मा.)

बिल, टीडीएस आणि अडकलेली अनामत

बिलांना वर्षभर सलग क्रमांक द्या, १ एप्रिलला नव्याने सुरू करा. वहीपूजन आपण दिवाळीत करतो, ते जरूर करावं, पण कराचं वर्ष एप्रिल ते मार्चच चालतं. बिलावर तुमचं नाव, पत्ता, पॅन, गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, तारीख, कामाचं वर्णन, मोजमाप, दर, रक्कम आणि बँकेचा तपशील हवा. ‘वायरिंग काम – एकरकमी’ असं लिहू नका. पॉइंट किती, मीटर किती, दर काय, हे सगळं मांडा. वाद मोजमापावरूनच होतात. मोठ्या कामात टप्प्याटप्प्याने चालू बिलं द्या, ज्यांना साइटवर आर. ए. बिल म्हणतात. प्रत्येक बिलात ‘आजपर्यंतचं काम, उणे आधीच्या बिलातलं काम’ हा हिशेब दाखवा.

घरगुती गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम येते. बिल्डर किंवा कंपनीकडून तसं होत नाही. समजा बिल १,५०,००० चं दिलं आणि खात्यात १,४१,००० आले. १,५०० रुपये टीडीएस (पैसे देणाऱ्याने बिलातून कापून तुमच्या नावावर सरकारकडे भरायचा आयकर) कापला गेला आणि पाच टक्के अनामत, म्हणजे ७,५००, हमीपोटी ठेवून घेतली. नवा कंत्राटदार वहीत १,४१,००० उत्पन्न लिहितो आणि विसरतो. नऊ हजार रुपये कागदावरूनच गायब! नोंद अशी हवी: उत्पन्न १,५०,००० जमा, बँक १,४१,००० नावे, टीडीएस येणं १,५०० नावे, अनामत येणं ७,५०० नावे.

टीडीएसचा नियम थोडक्यात: कंत्राटाच्या कामावर वैयक्तिक मालकीच्या धंद्याला एक टक्का कापतात, एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली किंवा वर्षभरातली एकूण रक्कम एक लाखाच्या वर गेली तर. पॅन दिला नाही तर वीस टक्के कापतात, म्हणून पॅन पहिल्याच दिवशी द्या. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर कापला जातो. आणि कापला म्हणजे तुमच्या नावावर भरला असं नाही. आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दिसतो. दर तिमाहीनंतर तो वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. एका कामात माझा टीडीएस कापूनही भरला गेला नव्हता. तीन महिन्यांत लक्षात आलं म्हणून पाठपुरावा करता आला, तीन वर्षांनी आलं असतं तर कोणी फोनही उचलला नसता.

अनामतीची स्वतंत्र यादी ठेवा: कुठलं काम, किती रक्कम, हमीकाळ कधी संपतो. त्या तारखेची आठवण फोनमध्ये लावा आणि त्या दिवशी लेखी मागणी पाठवा. न मागितलेली अनामत सहसा आपणहून परत येत नाही.

जीएसटी: वीस लाखांची रेघ

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते. चाळीस लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मालासकट केलेलं वायरिंग, प्लंबिंग, रंगकाम कायद्याच्या दृष्टीने सेवाच ठरतं, त्यामुळे आपल्याला वीस लाखच लागू. आणि उलाढाल म्हणजे नफा नाही, मजुरीही नाही. मालासकट झालेल्या बिलाची पूर्ण रक्कम. वरच्या उदाहरणासारखी नऊ कामं केली की २१,६०,००० झाले, नोंदणी लागली. तीच कामं गिऱ्हाइकाने स्वतः माल आणून फक्त मजुरीवर दिली असती तर उलाढाल वीस लाखांच्या आतच राहिली असती. सुरुवातीच्या दोन वर्षांत घरगुती कामं मजुरीवर घ्यावीत असं माझं मत आहे. मालातला नफा सुटतो हे खरं, पण उधारीची जोखीमही सुटते.

दर महिन्याअखेरीस एप्रिलपासूनच्या बिलांची बेरीज एका जागी लिहा. अठरा लाखांपाशी पोचलात की सीएला फोन करा. मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं मात्र बेकायदा आहे, कितीही आग्रह झाला तरी लावू नका.

नोंदणी झाली की अशा कामांवर साधारणपणे १८ टक्के कर लागतो. एक लाखाच्या बिलावर आलेले अठरा हजार तुमचे नाहीत. ते वेगळ्या खात्यात वळवा, बचत खात्यात का होईना. माल घेताना तुम्ही भरलेला जीएसटी त्यातून वजा मिळतो, पण दुकानदाराने त्याचं विवरणपत्र भरून तुमचा जीएसटी नंबर नीट टाकला असेल तरच. म्हणून ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्या दुकानाचा माल नोंदणीनंतर स्वस्त राहत नाही. आणि सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे मिळाल्यापासूनच जीएसटी लागतो, हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळतं.

आयकर

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. बाजारात मात्र सगळे अजून जुन्याच नावांनी बोलतात, म्हणून मीही ‘४४एडी’च म्हणतो. या अंदाजित नफ्याच्या योजनेत छोट्या धंद्याला उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं. तपशीलवार वह्या ठेवण्याची सक्ती नसते. अठरा लाखांची उलाढाल, सगळी बँकेतून, तर किमान १,०८,००० नफा.

यावर दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सहा टक्के हा तळ आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, कायदा तेच म्हणतो. आणि घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक हेच आकडे पाहते. वर्षानुवर्षं लाखभर उत्पन्न दाखवलं आणि मग वीस लाखांचं कर्ज मागितलं तर व्यवस्थापक काय करणार? २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक नव्या कंत्राटदारांना उत्पन्न कमी दाखवून मिळत काहीच नाही. उलट विवरणपत्र भरलं तर कापलेला टीडीएस परत मिळतो. ही योजना घेऊन मधेच सोडली तर पुढची पाच वर्षं ती मिळत नाही, हेही सीएशी बोलून घ्या. कर लागत असेल तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा.

रोखीचे नियमही माहीत हवेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च वह्यांवर आधारलेल्या हिशेबात मान्य होत नाही. मुकादमाला एकरकमी चुकारा करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं सरळ निषिद्ध आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाचा राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

महिनाअखेरीची बैठक

शेवटच्या रविवारी दोन तास काढा. आधी बँकेचं विवरण आणि वही ओळीला ओळ लावून टिक करा. बँकेने कापलेले शुल्क, न वटलेला चेक, कोणी कधी पाठवले ते न कळलेले यूपीआयचे पैसे इथे सापडतात. मग येणं आणि देणं यांच्या दोन याद्या. येण्यासमोर किती दिवस झाले तेही लिहा. साठ दिवसांवरच्या नावाला सोमवारी फोन. मग सगळ्या खात्यांच्या शिलका एका कागदावर मांडून तेरीज काढा, नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी आली पाहिजे. फरक आला तर त्याला दोनने भागून तो आकडा शोधा; एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल तर अशी सापडते. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे लिहिले गेलेत, ५४० चे ४५० असे.

मोबाइल ॲप की वही? पहिले तीन महिने हातानेच लिहा. जमा-नावे अंगात मुरल्याशिवाय ‘टॅली’ किंवा ‘व्यापार’सारखं सॉफ्टवेअर घेतलं तर चुकीचे आकडे नीटनेटके छापून मिळतात. त्यानंतर खुशाल घ्या, जीएसटी आल्यावर तर घ्याच.

एप्रिलमध्ये सीएकडे जाताना चार गोष्टी न्या: वर्षभराचं बँक विवरण, बिलांचं क्रमवार पुस्तक, ३१ मार्चची येणं-देणं यादी, आणि शिल्लक मालाची मोजणी. ती मोजणी ३१ मार्चच्या संध्याकाळीच करा. गोडाऊनमध्ये उरलेली वायरची बंडलं, स्विच, पाइप खरेदीच्या भावाने लिहून काढा. पहिल्या वर्षी मी ते केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी केलं तेव्हा पोत्यांखालून छत्तीस हजारांचा माल निघाला, जो मी आधीच तीन साइटच्या खर्चात टाकून बसलो होतो.